नवा गडी टिकतो कसा?

"आमचा मुलगा त्या खेळापुढून उठतच नाही हो!" ही तक्रार हल्ली घराघरातून ऐकू येते. आई म्हणते, वडील म्हणतात आणि आजी तर जेवणाचे ताट वाढून दोन्ही वेळा म्हणते. पण ज्या मंडळींनी हे खेळ रचले त्यांच्या कचेरीत क्षणभर डोकावता आले, तर नेमकी उलटी रड कानी पडेल: "नवीन माणूस आमच्याकडे टिकतच नाही हो!"

गंमत अशी की दोघांचेही म्हणणे खरे आहे. इंटरनेटवरच्या मोठ्या खेळांत सतत नवे लोक शिरत असतात आणि त्यांतले बहुतेक पहिल्या काही दिवसांतच, कोणाला राम राम न करता, निघून जातात. थोडे उरतात, ते मात्र वर्षानुवर्षे उरतात. कोण उरतो आणि का उरतो, ह्या कोड्यावर जगभरची शहाणी डोकी राबत आहेत. वरवर पाहता हा त्यांच्या धंद्याचा प्रश्न. पण जरा खोल गेले म्हणजे ध्यानात येते की हाच प्रश्न नव्या सुनेचा आहे, वसतिगृहात पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसणाऱ्या विद्यार्थ्याचा आहे, बदली होऊन परगावी रुजू झालेल्या कारकुनाचा आहे. नवखा माणूस टिकतो तो कशाने? खेळ रचणाऱ्यांच्या आणि खेळणाऱ्यांच्या हाती ह्याचे जे उत्तर लागले आहे, ते आपल्या घरीही उपयोगी पडण्यासारखे आहे.

दार उघडे, उंबरठा उंच

ज्यांची धाव कॅरम आणि मेंढीकोट यांच्यापलीकडे गेलेली नाही, त्यांना हे खेळ म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. इथे पट नाही, चार भिडू नाहीत. एक आख्खे काल्पनिक जग असते आणि त्यात हजारो माणसे एकाच वेळी वावरत असतात. कोणी व्यापार करतो, कोणी लढतो, कोणी टोळी जमवतो. तुम्ही झोपी गेलात तरी ते जग चालूच राहते. ह्या प्रकाराचा मूळपुरुष १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात जन्मला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या दोन विद्यार्थ्यांनी तो रचला. त्याचे नाव ‘मड’. त्यात चित्र नावाला नव्हते. पडद्यावर फक्त अक्षरे. ‘उत्तरेला जा’ असे लिहिले की उत्तरेला काय आहे त्याचे वर्णन उमटे. पण त्या शब्दांच्या जगात एकाच वेळी अनेक जण हिंडत, एकमेकांशी बोलत आणि एकमेकांना लुटतही.

आता आपण एक मुलगा कल्पू या. हा आहे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, नेवासे तालुक्यातल्या सोनईचा. मुळा सहकारी साखर कारखान्याचे गाव ते हेच. आपला हा सोनईकर बारावी झालेला आहे, घरी बरा संगणक आहे, दिवाळीची सुटी आहे, आणि पुण्याला शिकणाऱ्या आतेभावाने त्याला एका खेळाचे नाव सांगितले आहे. सोनईहून जवळच शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना दारे न बसवण्याची प्रथा साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. ह्या खेळाचेही तसेच. दार सताड उघडे. नाव लिहा आणि आत या.

आत येणे सोपे, राहणे कठीण. आल्याबरोबर सोनईकरासमोर दहा-वीस बटणे, एक नकाशा आणि धावपळ करणारी माणसे. कोपऱ्यात मजकुराची रांग सरकत असते: कोणी ‘टँक’ मागतो आहे, कोणी ‘हीलर’ शोधतो आहे, कोणी ‘एएफके’ असे लिहून गुप्त झाला आहे. (टँक म्हणजे पुढे उभा राहून मार खाणारा, हीलर म्हणजे जखमा भरणारा, आणि एएफके म्हणजे ‘जरा उठून येतो’.) धीर करून तो विचारतो, "पुढे काय करायचे?" उत्तर येते, "नूब!" म्हणजे नवशिका, तोही हिणवून. सोनईकर संगणक बंद करतो. अर्ध्या तासात एक गडी गेला!

तो खेळाच्या अवघडपणाला भ्याला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. बारावीचे गणित ह्याहून अवघड असते. त्याला बाहेर ठेवले ते परक्या भाषेने आणि परक्या वागण्याने. भाषेची ही भिंत पाडण्याचे आपल्याकडचे सर्वांत थोर उदाहरण ह्याच नेवासे तालुक्यातले आहे. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशातच गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. त्यांनी गीता सोपी केली असे म्हणता येत नाही. ज्ञानेश्वरी आजही सोपी नाही. त्यांनी गीतेचे दार समोरच्या माणसाच्या भाषेत उघडले. खेळ आणि गीता यांची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण नवख्यासाठी विषय पातळ करणे वेगळे आणि त्याच्या बोलीत विषय सांगणे वेगळे, एवढे त्यातून घ्यावे.

पत्त्यांतले चार रंग

‘मड’ रचणाऱ्या बार्टल यांनी पुढे अध्यापन केले आणि १९९६ मध्ये खेळाडूंच्या स्वभावांवर एक निबंध लिहिला. तो आजही वाचला जातो. पत्त्यांच्या चार रंगांवरून त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. चौकट म्हणजे कमावणारे: त्यांना गुण हवेत, पदके हवीत. इस्पिक म्हणजे शोधणारे: ही वाट कुठे जाते, हे दार का उघडत नाही, ह्यातच त्यांचा आनंद. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे; त्यांना खेळ हे गप्पांचे निमित्त. आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला छळण्यात, मारण्यात ज्यांना मौज वाटते ते.

कोणत्याही चाळीच्या गच्चीवर हे चारही रंग पाहायला मिळतात. बार्टल यांचे मर्म पुढे आहे. एका रंगाची संख्या वाढली की दुसऱ्यांवर परिणाम होतो, असे त्यांनी दाखवले. किलवर माजले की बदाम पळतात. बदाम गेले की गप्पा संपतात. ज्यांच्यासाठी लोक परत येत ते लोकच उरत नाहीत. म्हणजे नवा माणूस टिकवणे हे एकट्या नव्या माणसाचे काम नव्हे. जुन्यांची वागणूक कशी आहे, ह्यावर ते ठरते. हा नियम महिला मंडळालाही लागू आहे आणि कचेरीतल्या डबा खाणाऱ्या टोळक्यालाही.

जोड लावणारा पंच

समजा, आतेभावाने समजूत घातली आणि सोनईकर पुन्हा आत गेला. ह्या खेपेस त्याची गाठ एका कसलेल्या खेळाडूशी पडली आणि अर्ध्या मिनिटात तो चीत झाला. पुन्हा खेळला, पुन्हा चीत. ह्यात शिकणे नाही आणि मौजही नाही.

आपल्या गावोगावच्या यात्रांतले कुस्त्यांचे फड आठवा. आधी लहान पोरांच्या कुस्त्या होतात, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग हळूहळू इनाम वाढत जाते आणि मोठे मल्ल उतरतात. जोड लावताना जाणती मंडळी पोरांचे वय, अंग, तालीम, सारे नजरेने तोलतात. बरोबरीची जोड लागली तर हरणाराही पुढच्या वर्षी लंगोट कसून येतो. नजरेचे हे काम आकड्यांनी करून दाखवले ते अर्पाद एलो यांनी. जन्म हंगेरीतला, अमेरिकेत ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि स्वतः पट्टीचे बुद्धिबळपटू. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तत्त्व सरळ आहे. वरचढाला हरवले तर गुण पुष्कळ वाढतात, दुबळ्याला हरवले तर थोडे. त्यामुळे काही डावांनंतर ज्याचे त्याचे बळ आकड्यात उतरते. आज कितीतरी ऑनलाइन खेळांत अशाच हिशेबाने जोड लावली जाते.

मात्र फडातला पंच माणसाचा चेहरा पाहतो. यंत्राला तो दिसत नाही. म्हणून काही कसलेले खेळाडू नवे नाव घेऊन पोरांच्या कुस्तीत उतरतात आणि रेवड्या लुटतात. खेळाच्या जगात त्यांना ‘स्मर्फ’ म्हणतात. गावच्या फडात असे केले असते तर वस्तादाने कान धरून बाहेर काढले असते. इथे खेळ चालवणाऱ्यांना चालीवरून चोर ओळखावा लागतो.

कच्चे लिंबू

जोड बरोबर लागली तरी अगदी पहिले दिवस राहतातच. त्यांसाठी मराठी मुलांनी एक तोडगा फार पूर्वीच काढून ठेवला आहे. लपंडावात घरातले शेंडेफळ "मी पण!" म्हणत आले की त्याला घ्यायचे, पळू द्यायचे, लपू द्यायचे, पण ते सापडले तरी त्याच्यावर राज्य यायचे नाही. ते ‘कच्चे लिंबू’. कुठे ‘लिंबूटिंबू’ म्हणतात. कोणी पुस्तक लिहिले नाही, कोणी सभा भरवली नाही, पण नवख्याला खेळात राखण्याची इतकी नामी युक्ती क्वचितच सापडेल.

संगणकाच्या खेळांतही कच्ची लिंबे असतात, पण सगळी सारखी नसतात. पबजी मोबाइलसारख्या खेळात नवख्याच्या पहिल्या डावांतले बरेचसे शत्रू माणसे नसतातच. यंत्राने हलवलेली बाहुली असतात. सोनईकर त्यांना धडाधड लोळवतो आणि स्वतःला शूर समजू लागतो. मग एक दिवस बाहुली कमी होतात, खरी माणसे येतात, आणि हा आपटतो. लपंडावातल्या लहानग्याला आपण कच्चे लिंबू आहोत हे पक्के ठाऊक असते, आणि "आता मला खरे खरे खेळायचे" असे तो एक दिवस हट्टाने म्हणतो. बाहुल्यांशी खेळणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. एकात सांभाळणे आहे, दुसऱ्यात फुगवणे.

ह्याउलट ‘फायनल फँटसी १४’ ह्या जपानी खेळाची तऱ्हा पाहा. २०१० मध्ये तो प्रथम आला तेव्हा सपशेल पडला. कंपनीने तो २०१२ मध्ये बंद केला, मुळापासून नव्याने रचला आणि २०१३ मध्ये पुन्हा आणला. त्यात नवख्याच्या नावापाशी एक हिरवा कोंब दिसतो. म्हणजे ‘हे रोप नवे आहे, जपून’ अशी पाटीच! जुन्या जाणत्यांतून काही जण मार्गदर्शक होतात. त्यांच्या नावापाशी मुकुट असतो, आणि नवख्यांच्या प्रश्नांसाठी बोलण्याची वेगळी जागा आहे. सर्वांत नामी युक्ती पुढेच. एखाद्या मोहिमेवर निघालेल्या तुकडीत पहिल्यांदाच येणारा कोणी असेल, तर मोहीम फत्ते झाल्यावर जुन्यांना जादा बक्षीस मिळते. नवखा चुकला, तुकडी हरली, पुन्हा सुरुवात करावी लागली, तरी जुन्यांच्या कपाळाला आठ्या कमी पडतात. कारण हा चुकणारा गडी म्हणजे त्यांचा दिवाळीचा बोनस असतो. चांगुलपणाचा उपदेश करण्यापेक्षा चांगुलपणा परवडेल अशी सोय केली, तर तो जास्त टिकतो, हे कोणा जाणत्या गृहिणीला वेगळे सांगायला नको.

आकाशातली शाळा

आता सर्वांत खडतर खेळाकडे वळू. त्याचे नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलँडच्या एका कंपनीने तो २००३ मध्ये सुरू केला. खेळाडू अंतराळात जहाज घेऊन हिंडतो. हजारो तारे, आणि बाजारातल्या बहुतेक वस्तू खेळाडूंनीच बनवलेल्या. फसवणूक, हेरगिरी, दरोडे ह्यांना खेळात मोकळीक. आणि जहाज फुटले की फुटले. महिनाभराची कमाई धुळीला. ह्या खेळाच्या अवघडपणावर खेळाडूंनी विनोद आणि व्यंगचित्रे रचली आहेत. असा खेळ वर्षभरात ओस पडायला हवा होता. तो वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

हे कसे झाले? एक कारण असे की २००४ मध्ये खेळाडूंनीच त्यात एक शाळा काढली, ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’. कंपनीने हुकूम सोडला नव्हता. जुन्या खेळाडूंनी आपण होऊन नवख्यांना गोळा केले, वर्ग भरवले, प्रश्नांची उत्तरे दिली आणि त्यांना बरोबर घेऊन मोहिमा काढल्या. आपल्याकडे तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी माती उकरायला लावतो, त्यातलाच हा प्रकार. नवखा पहिल्या दिवशी जिंकत नाही, पण पहिल्याच दिवशी तालमीचा होतो.

ह्याच खेळाबद्दल २०१५ मध्ये कंपनीने एक नवल सांगितले. तिच्या लोकांनी सुमारे ८०,००० नव्या खेळाडूंचे पहिले १५ दिवस तपासले. ज्यांचे जहाज कोणी फोडले ते वैतागून जात असतील, असा सर्वांचा समज. निघाले उलटेच. ज्यांना कोणीही हात लावला नाही त्यांच्यापेक्षा, ज्यांचे जहाज फुटले ते अधिक टिकले! अर्थात ह्यावरून ‘नवख्याला बडवा म्हणजे तो राहील’ असा अर्थ काढणाऱ्याने सासूचे काम करू नये. जे मुळात हौशी, सगळीकडे हिंडणारे, त्यांचेच जहाज फुटण्याचा संभव जास्त. पण एक गोष्ट मनात ठसते. नुसती हार माणसाला घालवत नाही. आपण आलो काय आणि गेलो काय, कोणाच्या गावीही नाही, ही भावना त्याला घालवते. ज्याचे जहाज फुटले त्याची निदान कोणीतरी दखल घेतली होती!

कोणीतरी वाट पाहत होते

टिकून राहणे म्हणजे काय, हे सांगणारी एक सत्यकथा नॉर्वेतली आहे. मॅट्स स्टीन ह्या तरुणाला स्नायू झिजत जाण्याचा असाध्य विकार होता. चाकाची खुर्ची, मग श्वासाला यंत्र. दिवसाचे कितीतरी तास तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत बसे. आईवडिलांना वाटे, पोराला मित्र नाही, मैत्रीण नाही, सारे आयुष्य पडद्यापुढे गेले. २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. मॅट्स इंटरनेटवर आपले लेखन करीत असे. वडिलांनी तिथेच त्याच्या निधनाची वार्ता लिहिली, आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. एकामागून एक. त्या खेळात त्याचे नाव इबेलिन होते आणि तिथल्या एका टोळीचा तो जुना सोबती होता. त्याने कोणाला वाईट दिवसांत धीर दिला होता. एका आईला आणि दुरावलेल्या तिच्या मुलाला बोलते केले होते. त्याच्या अंत्यविधीला परदेशांतून त्या टोळीतली माणसे आली. २०२४ मध्ये ह्या कथेवर निघालेला माहितीपट जगभर पाहिला गेला.

आईवडील निष्काळजी नव्हते. त्यांनी मुलाचे सारे केले होते. खेळाच्या पलीकडल्या बाजूला माणसे आहेत, एवढेच त्यांना दिसले नव्हते. आणि मॅट्सही कधीतरी त्या जगात नवखाच होता. त्या दिवशी कोणी त्याला हाकलले असते, तर ती सारी पत्रे लिहिलीच गेली नसती.

आमिष की आमंत्रण?

येथवर वाचून एखादे गृहस्थ म्हणतील, "म्हणजे काय, मुलांना खेळू द्यावे?" थांबा. माणूस टिकवण्याचे दोन मार्ग असतात. एक आमिषाचा. रोज हजेरी लावा, रोज बक्षीस घ्या. एक दिवस चुकला की साखळी तुटली. ह्यात कोणी कोणाची वाट पाहत नाही. फक्त हजेरीपट वाट पाहतो. दुसरा आमंत्रणाचा. "उद्या येशील ना? तुझ्यावाचून तुकडी अपुरी पडते." हा मार्ग मैत्रीचा आहे. मात्र त्यातही "आज परीक्षा आहे, येत नाही" असे म्हणता आले पाहिजे आणि पलीकडून "बरे, पेपर नीट दे" असे उत्तर आले पाहिजे.

मॅट्सच्याच त्या खेळात २००४ च्या सुमारास एक चाचणी झाली. फार वेळ खेळले की मिळणारे गुण निम्मे होत. लोक चिडले. मग रचनाकारांनी हिशेब तोच ठेवून नावे फिरवली. निम्म्याला ‘नेहमीचे’ म्हटले, आणि विश्रांती घेऊन येणाऱ्याला ‘दुप्पट’ देऊ केले. लोक खूश! उठून जाण्याचेही बक्षीस देता येते, हे आयांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पैसे लावून खेळायच्या खेळांची गोष्ट निराळी. तिथे नवखा टिकवणे म्हणजे गिऱ्हाईक बुडेपर्यंत धरून ठेवणे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून अशा ऑनलाइन खेळांना बंदी घातली, आणि ई-क्रीडेला मात्र मान्यता दिली. घरात तोच भेद करावा. खेळातला कोणी अनोळखी माणूस घरचा पत्ता, फोटो किंवा पैसे मागू लागला की तो भिडू नव्हे, हेही मुलाला आधीच सांगून ठेवावे.

एरवी "किती वेळ खेळलास?" ह्या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारून पाहावेत. "कोणाबरोबर खेळलास?" आणि "काल कोणी नवा आला होता का? त्याला तू काय सांगितलेस?" पहिल्याचे उत्तर नावांनी आले तर समजावे की मुलगा माणसांत आहे. दुसऱ्याचे उत्तर मिळाले तर तो माणूस होतो आहे.

आणि ही परीक्षा घरबसल्या घेता येते. दिवाळीच्या सुटीत एखाद्या दुपारी आजोबांनी नातवाशेजारी खुर्ची ओढावी आणि म्हणावे, "मलाही घे. कच्चे लिंबू म्हणून घे." पहिल्या दोन मिनिटांत आजोबांचे जहाज फुटेल, नाहीतर ते स्वतःच दरीत पडतील. त्या वेळी पडद्याकडे पाहू नये. नातवाकडे पाहावे. तो हसून खेळ हिसकावून घेतो, की म्हणतो, "असू द्या आजोबा, मीसुद्धा पहिल्यांदा इथेच पडलो होतो"?